जुनी लक्झरी सेडान घ्यायचीये? बॅज नंतर बघा, इंजिन कोणतं ते आधी बघा

नव्या साध्या सेडानच्या पैशात पाच-सात वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ५ सीरिज, मर्सिडीज ई-क्लास नाहीतर ऑडी ए६ मिळतेय हे दिसलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं. मग महिनोनमहिने जाहिराती, मेकॅनिक, टेस्ट ड्राइव्ह हे सगळं करून झाल्यावर एक गोष्ट पक्की कळली, की "बीएमडब्ल्यू चांगली का मर्सिडीज" हा प्रश्नच चुकीचाय. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन वर्षं पुढेमागे बनलेल्या गाड्यांमध्ये एक दहा वर्षं मुकाट चालते आणि दुसरी इंजिन उघडायला लावते, कारण आत इंजिन वेगळं असतं. त्यामुळे खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा, उलट्या क्रमाने केल्या की आधी गाडीच्या प्रेमात पडता आणि मग दोष दिसत असूनही दिसत नाहीत.

१. आधी तुमचा वापर, मग मॉडेल

रोजचं अंतर किती, हायवे किती, मागे कोण बसणार, एवढं कागदावर लिहा. खरंच लिहा.

रोज पाच-सात किलोमीटर गर्दीतून जाऊन-येऊन असेल तर आधुनिक डिझेल घेऊच नका. डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो आणि छोट्या फेऱ्यांमध्ये ते होतच नाही. मग फिल्टर चोक, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलेला, आणि अर्धवट जाळण्याच्या नादात इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळतं. अशा वापराला पेट्रोल किंवा हायब्रिड. उलट आठवड्याला शेकडो किलोमीटर हायवे असेल तर डिझेलसारखं सुख नाही.

मागे आईवडील बसणार असतील तर ३ सीरिज, सी-क्लास, ए४ यात पाय दुमडून बसावं लागेल, त्यापेक्षा एक नंबर वरची ई-क्लास, ५ सीरिज, लेक्सस ईएस किंवा व्होल्वो एस९० बघा. स्वतः चालवायची हौस असेल तर रिअर व्हील ड्राइव्हवाली ३ किंवा ५ सीरिज. ईएस फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, वळणावर मजा येणार नाही, पण मागे झोप मात्र छान लागते.

२. पैशाचे दोन भाग करा, आणि दुसऱ्याला हात लावू नका

गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याचं खाणं हत्तीचंच. दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या गाडीचा हेडलाइट आजही मोठ्या गाडीच्याच भावाने येतो. म्हणून माझा हिशोब असा, की एकूण पैशातले पंधरा ते वीस टक्के बाजूला, गाडी उरलेल्यात बसली पाहिजे. बसत नसेल तर एक क्लास खाली या, पण राखीव पैसे मोडू नका.

शॉर्टलिस्टमधल्या प्रत्येक मॉडेलसाठी पार्ट्सवाल्याला फोन करून या गोष्टींचा भाव आधीच विचारून ठेवा:

- एक पूर्ण हेडलाइट, झेनॉन किंवा एलईडी जो असेल तो
- एअर सस्पेन्शन असेल तर एका कोपऱ्याचा स्ट्रट आणि कॉम्प्रेसर
- टर्बो
- गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक किंवा व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे आतून गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग
- कंपनीने सांगितलेल्या साइजचे चार टायर
- चारही डिस्क आणि पॅड

ही यादी दोन गाड्यांसाठी शेजारी शेजारी मांडली की अर्धा निर्णय तिथेच होतो. रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) टायर असतील तर तेही लक्षात घ्या, ते महाग असतात, बसायला कडक असतात, आणि अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी ठेवायची जागाच नसते.

३. इंजिनवरून गाळण लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. जाहिरातीत "२.० डिझेल" एवढंच लिहिलेलं असतं, तुम्हाला इंजिनचा कोड हवाय. चॅसिस नंबर म्हणजे १७ अक्षरी व्हीआयएन मिळाला की इंजिन कोड, बनल्याची तारीख, फॅक्टरीतून काय काय बसवून आली होती हे सगळं काढता येतं.

बीएमडब्ल्यू: २००७ पासून आलेलं चार सिलिंडर डिझेल एन४७, यात टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, साधारण २०११ पर्यंतच्या इंजिनांत ती घासून तुटल्याच्या तक्रारी भरपूर, आणि तिथवर पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून काम महागडं. २०१२ ते २०१४ च्या ३२८आय, ५२८आय मधलं एन२० पेट्रोल, त्यात चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटायचे. ५५०आय, ७५०आय मधला एन६३ व्ही८ तर नवख्याने लांबूनच बघावा, दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध बसवलेत, त्यामुळे आत भट्टी, तेल पिणं नेहमीचं, शेवटी कंपनीलाच २०१४ मध्ये या इंजिनसाठी खास दुरुस्ती मोहीम काढावी लागली. चांगली बाजू पण आहे. २०१५ च्या फेसलिफ्टपासून ३ सीरिजमध्ये आलेली बी४८ आणि बी५८ पेट्रोल इंजिनं खूपच सुधारलेली आहेत, बी५८ सहा सिलिंडर तर मी डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून घेईन. जुन्यात जायचंच असेल तर बिनटर्बोचं एन५२, वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे तो एकदा जाणार आणि गॅस्केटमधून तेल झिरपणार हे गृहीत धरा, बाकी दणकट.

मर्सिडीज: डब्ल्यू२०४ (हा गाडीच्या पिढीचा कोड) सी-क्लासच्या सुरुवातीच्या पेट्रोल गाड्यांत एम२७१ असतं, त्याची चेन ताणते आणि कॅमशाफ्टचे दाते झिजतात, थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली की समजायचं. २००४ ते २००८ दरम्यानच्या व्ही६ एम२७२ मध्ये बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजायचा, काम चेनपेक्षाही मोठं. डिझेलमध्ये ओएम६५१ च्या पहिल्या एक-दोन वर्षांत इंजेक्टरचा घोळ होता, बहुतेक गाड्यांत कंपनीने बदलून दिले, म्हणून रेकॉर्डमध्ये ती नोंद शोधा. व्ही६ डिझेल ओएम६४२ चांगलं आहे, पण ऑइल कूलरची सील इंजिनच्या मधल्या दरीत गळतात, सील स्वस्त आणि मजुरी प्रचंड, कारण वरचं सगळं सोडवावं लागतं. २०१६ च्या डब्ल्यू२१३ ई-क्लासपासून आलेलं ओएम६५४ मला यातलं सगळ्यात समजूतदार वाटतं.

ऑडी: बी८ ए४ मधलं २००८ ते २०११-१२ पर्यंतचं १.८ आणि २.० टीएफएसआय, पिस्टन रिंगमुळे तेल पितं आणि चेन टेन्शनर दगा देतो. टेन्शनर बदलल्याचं बिल नसेल तर पुढे चला. शिवाय थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, तो अक्रोडाच्या कवचाची भुकटी मारून साफ करतात, ऐकायला विचित्र वाटतं पण हीच रीत आहे. २०१५-१६ ला आलेल्या बी९ पिढीत यातलं बरंच निस्तरलंय. डिझेल ऑडी असेल तर २०१५ मध्ये उघड झालेल्या, धुराच्या चाचणीत सॉफ्टवेअरने फसवल्याच्या प्रकरणाचं अपडेट झालंय का ते विचारा.

लेक्सस: ईएस ३००एच घेणाऱ्याला मित्र "बोअर गाडी" म्हणतात आणि पाच वर्षांनी तेच मित्र मेकॅनिककडे बसलेले असतात. हायब्रिड सिस्टीममध्ये नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, पायऱ्यांचा गिअरबॉक्स नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या गोष्टी कमी. बघायचं काय, तर मोठ्या बॅटरीची हेल्थ टेस्ट आणि मागच्या सीटजवळची हवा ओढायची जाळी, ती धूळ-केसांनी बुजली की बॅटरी तापते. ही गाडी जुनी झाली तरी पडेल भावात मिळत नाही हीच काय ती तक्रार.

व्होल्वोच्या २०१५-१६ च्या दोन लिटर पेट्रोलमध्ये तेल पिण्याच्या तक्रारी आहेत, जुनी पाच सिलिंडर डी५ दमदार पण टायमिंग बेल्ट वेळेवर बदललाय का बघा. जॅग्वार एक्सएफ दिसायला या सगळ्यांच्या वर, मान्य, पण ३.० व्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटल्याची प्रकरणं आहेत आणि नंतरच्या २.० इंजेनियममध्ये चेन आणि तेलात डिझेल मिसळण्याची. मन भरून बघा, घ्यायची असेल तर वॉरंटीसकटच घ्या.

४. गिअरबॉक्स

झेडएफचा ८ स्पीड ऑटोमॅटिक, जो बीएमडब्ल्यू, जॅग्वार आणि काही ऑडीत मिळतो, तो या वर्गातला सगळ्यात भरवशाचा. फक्त "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या, झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला असं सांगते. बऱ्याच गाड्यांत फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, पूर्ण पॅन बदलावा लागतो, म्हणून बिल जरा मोठं येतं.

ऑडीमध्ये मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) शक्यतो टाळा. सात स्पीडचा एस ट्रॉनिक (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या ए४-ए६ मधला, दर ६०,००० किलोमीटरला तेल मागतो, ते बदलल्याची नोंद नसेल तर मेकॅट्रॉनिकचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मर्सिडीजच्या ७जी (सात स्पीड ऑटोमॅटिक) मध्ये आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट जाते, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, ९जी त्यामानाने बरा.

५. जायच्या आधी फोनवर

उगाच लांब जाऊ नका, फोनवरच हे विचारा: व्हीआयएन पाठवाल का? किती मालक झाले? दोन्ही किल्ल्या आहेत का? सर्व्हिस कुठे झाली आणि बिलं आहेत का? शेवटचा मोठा खर्च कशावर झाला? आणि शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, मला थंड इंजिन बघायचंय." व्हीआयएन द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच नमस्कार. दुसरी किल्ली "घरी कुठेतरी आहे" असं म्हणणाऱ्याला सांगा शोधून ठेवा, कारण या गाड्यांची नवी किल्ली कोडिंग करून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते.

६. कागद

- नोंदणीचं मूळ कागदपत्र, त्यावरचा व्हीआयएन गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा, विंडशील्डखाली आणि दाराच्या खांबावर दोन्हीकडे
- गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र
- विम्याची कागदपत्रं आणि क्लेमचा इतिहास
- सर्व्हिसची बिलं, नुसते शिक्के नकोत, शिक्का मारायला काय लागतंय
- रिकॉलची (कंपनीने दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांची) कामं झाल्याचा पुरावा

रिकॉल व्हीआयएन टाकून कंपनीच्या साइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून कळतो, आणि काम फुकट होतं. टकाटा या कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल यातल्या बहुतेक मोठ्या ब्रँडना लागलेला आहे, आणि बीएमडब्ल्यू डिझेलचा ईजीआर कूलरचा रिकॉल २०१८ चा, तो आग लागण्याच्या धोक्यावरून होता, तेव्हा "बघू नंतर" करू नका.

सर्व्हिसच्या बिलांवर प्रत्येक वेळी किलोमीटर लिहिलेले असतात, ते तारखेच्या क्रमाने लावून बघा, मधेच आकडा मागे गेला की विषय संपला. या गाड्यांत किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, इतर कंट्रोल मॉड्यूलमध्ये आणि काही गाड्यांच्या किल्लीतही साठलेले असतात, मीटर फिरवणारा सगळीकडे हात घालतोच असं नाही. आणि कमी चाललेली म्हणजे चांगलीच असंही नाही हां. बारा वर्षांत ३०,००० चाललेली गाडी रबर सुकलेली, सील कडक झालेली निघू शकते, त्यापेक्षा हायवेवर १,१०,००० चाललेली, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी मी घेईन.

७. गाडीपाशी गेल्यावर

सोबत न्यायचं: टॉर्च, पेंटची जाडी मोजायचं मीटर, चुंबक, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) आणि फोनवर त्याचं ॲप, आणि असा एक मित्र ज्याला गाडी घ्यायची घाई नाही.

दिवसा जा, पाऊस पडून ओली झालेली किंवा नुकतीच धुतलेली गाडी असेल तर पॅनेलचे दोष दिसत नाहीत. पेंट मीटरवर फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १६० मायक्रॉन येतो, एखाद्या पॅनेलवर दुप्पट आलं तर परत रंगवलंय, ३०० च्या बरंच वर गेलं तर रंगाखाली लांबी म्हणजे पुटी भरलीये. मीटर ॲल्युमिनियमवर चालणारं हवं, कारण ई६० ५ सीरिजचा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा आहे आणि दुसऱ्या पिढीच्या एक्सएफचं तर बरंच अंग. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून घाबरू नका.

एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर ती रात्रभर उभी असताना बघायची. एखादा कोपरा खाली बसलेला असेल तर बेलो म्हणजे हवेचा रबरी फुगा फाटतोय, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर पण जातो, म्हणजे एका बिघाडाचे दोन होतात. विकणारा तुमच्यासमोर गाडी चालू करून वर उचलेल, त्याआधीच चारही चाकांवरची मोकळी जागा बोटांनी मोजा.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीट सरकते त्या लोखंडी रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढून खालच्या टोकाचा चिखलाचा डाग, डिकीचा तळ आणि कार्पेटच्या खालचा फोम बघा. वरचा कार्पेट सुकवता येतो, खालचा फोम सुकत नाही. लक्झरी गाड्यांत सीटखाली, कार्पेटखाली, डिकीत कंट्रोल युनिट असतात त्यामुळे पाणी गेलं की महिन्यांनी भुतं नाचतात. पण ओलं दिसलं म्हणजे पूरच असं नाही, सनरूफच्या पाण्याच्या नळ्या बुजल्या तरी पाय ठेवायच्या जागी पाणी येतं, ते काम छोटं आहे, जर मॉड्यूल भिजलं नसेल तर.

टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चारही टायर वेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी कुठे काटकसर केली असेल याचा अंदाज बांधा. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, ४मॅटिक म्हणजे चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत जास्त फरक चालतच नाही, सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागांवर येतो.

८. टेस्ट ड्राइव्ह

बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर "थंड" सांगूनही चालू केलीये, का ते विचारा. चालू करताना रेडिओ, एसी बंद. पहिले तीन सेकंद कान देऊन ऐका. निळा धूर म्हणजे तेल, पांढरा आणि गोडसर वास म्हणजे कूलंट.

अर्धा तास तरी चालवा. हळू ट्रॅफिकमध्ये गिअर बदलताना झटका, रिव्हर्समधून ड्राइव्हला टाकल्यावर उशीर, हायवेला स्टिअरिंग थरथरणं, आणि सगळ्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत पूर्ण वळवून हळू फिरवताना अडखळल्यासारखं होणं, हे टिपा. मग थांबून प्रत्येक बटण दाबा. कंटाळवाणं आहे, तरी दाबा: सीटच्या मोटर, मेमरी, आरसे, मागचा पडदा, सॉफ्ट क्लोज दारं, कॅमेरा, सेन्सर, मागचा एसी. यातली एकेक मोटर छोट्या दुरुस्तीच्या भावाने येत नाही.

९. स्कॅन आणि उचलून तपासणी

साध्या ओबीडी स्कॅनरने एक गोष्ट नक्की कळते, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का. बरेचसे "अपूर्ण" दाखवत असतील तर फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीये. पण खरं चित्र त्या ब्रँडच्या सॉफ्टवेअरनेच दिसतं, सगळे मॉड्यूल, डीपीएफमध्ये राख किती, हायब्रिड बॅटरीचे ब्लॉक, अपघातात फुटलेल्या एअरबॅगची नोंद. म्हणून त्याच ब्रँडवर काम करणारा स्वतंत्र मेकॅनिक शोधा, त्याला पैसे तुम्ही द्या, आणि विकणाऱ्याने सुचवलेला माणूस नको. लिफ्टवर गाडी उचलून खालचं कव्हर काढायला लावा, गळती त्या कव्हरवरच साचते आणि वरून इंजिन धुतलं तरी ती तिथे असते.

मेकॅनिककडे न्यायला नाही म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, पुढची गाडी बघा.

१०. शेवटच्या दोन गाड्यांत निवड

इथे येऊन लोक परत बॅजवर जातात. माझा क्रम असा: आधी इतिहास पूर्ण असलेली, मग ज्ञात दोष नसलेलं किंवा तो दोष आधीच दुरुस्त झालेलं इंजिन, मग गिअरबॉक्स, मग मॉडेलचं वर्ष, फेसलिफ्टनंतरची असेल तर उत्तम कारण पहिल्या बॅचचे घोळ तोवर निस्तरलेले असतात. रंग आणि व्हील सगळ्यात शेवटी. आणि वरचा मोठा क्लास का खालचा, असा पेच पडला तर जुनी, सगळी फीचर्स ठासून भरलेली ७ सीरिज घेण्यापेक्षा तीन वर्षं नवी, साध्या स्प्रिंगच्या सस्पेन्शनची ५ सीरिज घ्या. साधं सस्पेन्शन, छोटी व्हील, कमी मोटर, हे जुन्या लक्झरीत गुण आहेत, विकणारा त्याला "बेस मॉडेल" म्हणून नाक मुरडेल तर मुरडू दे.

भाव करताना मेकॅनिकचा रिपोर्ट आणि पायरी दोनमधली यादी समोर ठेवा, आणि "थोडं कमी करा" न म्हणता "पुढच्या दोन डिस्क आणि गिअरबॉक्स ऑइल एवढ्याचे पडतात, तेवढे कमी करा" असं बोला. टोकन देताना लिहून घ्या की कागद किंवा कर्जाची अडचण निघाली तर पैसे परत. उरलेले पैसे नाव बदलायचे कागद हातात आल्याशिवाय देऊ नका, आणि शक्यतो बँकेतून द्या.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, आणि नोंद नसेल तर गिअरबॉक्स ऑइल बदलून टाका, मागच्या मालकाने "आत्ताच केलंय" सांगितलं असलं तरी. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर ती गाडीच्या सिस्टीममध्ये नोंदवून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने होत राहतं आणि नवी लवकर मरते. त्यानंतर दर हजार किलोमीटरला ऑइल लेव्हल बघून एका वहीत लिहा, या गाड्यांपैकी बऱ्याच मॉडेलमध्ये डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नसतेच, स्क्रीनवर बघावं लागतं, इंजिन गरम करून आणि सपाट जागी उभी करून.